चिंचेचे अठ्ठावीस दिवस

५ एप्रिल, रविवार

वटवाघळांची माहिती देणाऱ्या वर्गाचा दुसरा रविवार. आम्ही नऊ जण. आठ शहरातले, बूट आणि दुर्बिणीवाले. गावाकडची आशा सेविका मी एकटीच, पायात चप्पल. सरपंच कडुबाभाऊंनी पाठवलं म्हणून जाते, नाहीतर रविवारी धुणं सोडून कोण जातंय. त्यांचं म्हणणं, "शिकून घे, अन् येताना वाघळं हाकलायचं औषध इचारून ये." गावात मोठी चिंच एकच. तिच्यावर वाघळं, खाली अंगणवाडी, आणि अंगणवाडीत त्यांची नात.

बेग सर (जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले) संध्याकाळी लेण्यांमागच्या पायवाटेने घेऊन गेले. त्यांच्याकडे डबीएवढं यंत्र आहे. बारक्या पाकोळ्यांचा, म्हणजे किडे खाणाऱ्या छोट्या वाघळांचा, आवाज आपल्याला येत नाही, यंत्रातून येतो. तडतड तडतड, भट्टीत फुटाणे उडावेत तसा. आपल्या चिंचेवरची मोठी वाघळं असा आवाज करत नाहीत, ती डोळ्यांनी बघतात आणि नाकाने फळ शोधतात. मला वाटायचं सगळी आंधळीच.

शेवटी सरांनी वहीत तीनदा लिहायला लावलं : उघड्या हाताने वाघळाला शिवायचं नाही. मी चिडले. मी काय दुसरीतली पोर आहे?

औषधाचं विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारलंच नाही.

१२ एप्रिल, रविवार

कडुबाभाऊंना सांगितलं, असलं काही औषध नसतं. त्यांनी मोबाईल पुढे केला. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ, वाघूळ आणि मागे रडायचं संगीत. मी म्हटलं, आजार नसतोच असं नाही, पण अंतर ठेवलं, उष्टी फळं उचलली नाहीत तर भीती नाही. रानात बी टाकतात, फुलं फळाला आणतात...

"संगे, तुला शिकाया पाठवलं का त्यांची वकिली कराया?"

एक मेच्या ग्रामसभेत चिंच तोडायचा ठराव येणार. परवानगीचं ते बघून घेणार म्हणाले. वाईट माणूस नाही. नातीचं नाव काढलं की डोळे भरतात त्यांचे. म्हणूनच भांडता येत नाही.

संध्याकाळी सासूबाईंना घेऊन झाडासमोर बसले. सरांनी शिकवलेली रीत : मावळतीकडे तोंड, दहा उडाली की एक खडा. आम्ही खड्याऐवजी चिंचोके घेतले. एकतीस चिंचोके झाले. सासूबाई म्हणाल्या, "येवढी व्हय? मला वाटलं पन्नासेक असतीन."

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मिरवणूक चिंचेवरूनच जाते. विहाराच्या समितीतल्या पोरांना सकाळीच गाठलं, झाडापुरता डीजे बंद ठेवा. "वहिनी, आजच्या दिवशी पण वाघळं?" हसले. पण ठेवला बंद. तेवढ्या वाटेत नुसत्या घोषणा. एकही वाघूळ उडालं नाही. मला एवढा आनंद झाला की रस्त्यात रडले, आणि लोकांना वाटलं बाबासाहेबांच्या आठवणीने. दोन्ही होतं.

१९ एप्रिल, रविवार

वर्ग संपला. प्रमाणपत्र मिळालं. पडलेलं वाघूळ टॉवेलने कसं झाकायचं, खोक्यात कसं घ्यायचं, ते सरांनी कापडी बाहुलीवर दाखवलं. प्रत्येकाला जाड चामड्याचे हातमोजे मिळाले.

चावलंच तर : साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुणे. लस. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमची सुई पण, पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. मी म्हटलं, सर, हे मीच गावाला सांगत फिरते. सर म्हणाले, "संगीताबाई, जानते सब हैं. करते वक्त भूलते हैं."

एक मेला ते सभेत बोलायला येणार आहेत.

हातमोजे एकदम नवेकोरे. कपाटात लग्नातल्या शालूशेजारी ठेवले, प्रमाणपत्र त्यांच्यावर.

२२ एप्रिल, बुधवार

डाव्या हाताने लिहिते आहे.

दुपारी ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. वाघळं पंखांनी वारा घेत होती, अंग चाटत होती. मग पडायला लागली. अंगणवाडी सुटली होती ते बरं. टँकरवाल्याला हातापाया पडून झाडावर पाणी मारायला लावलं. बायका ओरडल्या, माणसाला प्यायला नाही अन् झाडाला आंघोळ. त्यांचंही खरंच आहे.

अकरा पडली. सात गेली. आठव्या मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं, आणि पलीकडून कुत्रं आलं.

हातमोजे शालूशेजारी.

पदर गुंडाळला आणि उचललं. पदरातून चावली. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट. रक्त आलं. तरी सोडलं नाही, फांदीच्या बेचक्यात लावूनच सोडलं. अर्ध्या तासाने वर सरकली, पिल्लासकट. बाकीची तीन पण चढली.

तीनदा लिहायला लावलं होतं. तीनदा!

साबणाने धुतलं, घड्याळ लावून. सासूबाईंनी दारातून सगळं पाहिलं. बाकी कुणी नाही. त्यांना म्हटलं, आत्या, हे गावात कळलं तर ठरावाचीही वाट बघणार नाहीत, उद्या कुऱ्हाड येईल. त्यांनी दार लोटून घेतलं.

२३ एप्रिल, गुरुवार

मुद्दाम शहरातल्या दवाखान्यात गेले, ओळखीचं कुणी नको म्हणून. डॉक्टर तरुण. "काय चावलं?"

तोंडातून निघून गेलं : मांजर.

"पाळीव?" घरचंच. "रक्त?" नाही, ओरखडा आहे. सकाळी बोटावर हळद चोपडून गेले होते, काही दिसायला नको म्हणून. मी! हळद लावू नका म्हणून दहा वर्षं घसा कोरडा करणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दंडात लस दिली. पुढच्या तारखा २६, ३०, ७ मे, २१ मे. ओरखडा म्हटल्यावर सीरमचा विषयच निघाला नाही.

२६ एप्रिल, रविवार

दुसरी सुई. शेंद्र्याच्या कंपनीतून हे पहिली पाळी करून परत आले (यांनाही मांजरच सांगितलं होतं) आणि माझ्या बोटाकडे बघून तडक उठले. सासूबाईंची मांजर मनी पोत्यात घातली आणि गाडीवरून लांब कुठेतरी सोडून आले. "चावरं जनावर घरात नको."

मी अडवलं नाही. सासूबाईंनी (सा.बा.) पण नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी मनीच्या वाटीत दूध ओतून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. जेवण गेलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

झोप नाही. बोट ठणकतं की मनच, कळत नाही. गावातल्या चाव्यांची नोंद माझ्याच वहीत असते. या वर्षी तीन कुत्रे, एक माकड. पाचवी ओळ कोरी.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. आधी पहिल्या सुईची तारीख विचारली त्यांनी. मग म्हणाले, "तीस तारीख आखरी दिन है. सच बोलो और सीरम लो. झाड का बाद में देखेंगे." म्हटलं, सर, डॉक्टर आरोग्य केंद्राला कळवतील, केंद्रातून गावात येईल, शुक्रवारीच ग्रामसभा. तर ओरडलेच, "बाई, पहले तुम!"

माझ्यावर इतक्या मायेने कुणी ओरडलं नव्हतं. तरी रात्रभर सभेचाच विचार.

३० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना सांगितलं, मी आशा सेविका, मांजर नव्हतं, वाघूळ होतं, आणि रक्त आलं होतं. पेन खाली ठेवलं त्यांनी. "तुम्ही आशा आहात ना? मग लपवलं कशाला?" मी म्हटलं, झाडासाठी. त्यांना काही समजलं नसावं. छापील कागदावर कुत्रा, मांजर, माकड, इतर. ‘इतर’वर खूण केली आणि पुढे हाताने लिहिलं, वटवाघूळ.

सीरमची सुई थेट बोटात, जखमेत. सुई गेली आणि मी त्यांच्या टेबलाचा कोपरा धरून ओरडले. तिसरी लस दंडात.

घरी येऊन यांना सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे मनीचा काय गुन्हा नव्हता." गाडी काढून शोधायला गेले. मिळाली नाही.

१ मे, शुक्रवार

झेंडावंदन झालं आणि सभा बसली. बेग सर माझ्याशेजारी. चांगलं बोलले, पण हिंदीत आणि लांब. लोक चुळबुळ करत होते. कडुबाभाऊंनी त्यांना हात जोडून बसवलं आणि मला विचारलं,

"संगीता, तू सांग. चाव्याची वही तुझ्याकडं असती. आजवर वाघूळ कोणाला चावलंय का? नाय म्हण, मी ठराव मागं घेतो."

असं सोपं करून ठेवलं होतं. केंद्राचा कागद अजून आला नव्हता. एक ‘नाही’ आणि चिंच वाचली असती. सर माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

मी बोट वर केलं. म्हटलं, मला चावलंय. नऊ दिवस झाले. ते अंगावर आलं नव्हतं, मी उचललं. हातमोजे कपाटात ठेवून उचललं. चूक माझी आहे, झाडाची नाही.

मग जो गलका झाला तो लिहिता येणार नाही. बायका माझ्याजवळून सरकून बसल्या. कुणीतरी म्हणालं, आजच तोडा. कुणी म्हणालं, हिलाच आधी दवाखान्यात टाका. सा.बा. उठल्या. सभेत त्या कधी बोललेल्या मला तरी माहीत नाही. म्हणाल्या, "ती खोटं बोलली असती तर तुमाला कळलं असतं का? मंग जी खरं बोलली तिलाच शिक्षा व्हय?"

मग पारावरचे म्हातारे नामदेवतात्या म्हणाले, "शेवटची सुई कवा?" एकवीसला. "मंग तवर थांबू. पोरगी धड राह्यली तर चिंच राह्यली. नाय तर नाय."

सर उठले, "अरे, ये कोई तरीका है? टीका लगा है, उसको कुछ नहीं होगा, पर झाड का इससे क्या..." कुणी ऐकलं नाही. सगळ्यांना पटलं होतं. अंगणवाडी तोपर्यंत शाळेच्या वऱ्हांड्यात.

कडुबाभाऊ जाताना म्हणाले, "जप गं." रागाने म्हणाले की काळजीने, समजलं नाही.

७ मे, गुरुवार

चौथी सुई. कडुबाभाऊंनी स्वतःच्या गाडीवर नेलं. रोज सकाळी येतात, माझी वही मागतात, माझ्या नावापुढचा ताप बघतात. पाचव्या ओळीत मी स्वतःला लिहिलंय : संगीता, वय ४१, वटवाघूळ. पुढे रोजचा ताप. आजवर सगळा नॉर्मल.

गावाला कुणीतरी सांगितलं की पिसाळलेला माणूस पाण्याला भितो. तेव्हापासून ज्या घरी जाईन तिथे आधी पाणी. गरोदर बाईचं वजन घ्यायला गेले तरी आधी पेला, आणि घरातली सगळी माझ्या घशाकडे बघत उभी. आज चौदा पेले झाले. हसू येतं आणि रागही येतो. माझ्या जिवावर अख्खं झाड टांगलंय, आणि झाडाला त्याचा पत्ता नाही.

१३ मे, बुधवार

पुन्हा तसंच ऊन. पण या वेळी समितीच्या पोरांनीच न सांगता पाण्याचा पाइप ओढला. दोनच पडली. हातमोजे घालून उचलली, टॉवेलने झाकली, दोन्ही चढली. पोरं लांबून बघत होती. एकाने विचारलं, "वहिनी, तो वर्ग परत कवा हाय?"

मनी अजून आलेली नाही. वाटीतलं दूध रोज बदलतात सा.बा.

२० मे, बुधवार

दुपारपासून अंग मोडून आलंय. उन्हातून लसीकरणाला फिरले, त्याचंही असेल. घसा दुखतो. थर्मामीटर लावला. १००.४. झटकला, परत लावला. तेच.

उन्हाचाच ताप असणार. मला माहीत आहे. पाच लोकांना आजच ओआरएस दिलंय, त्यांनाही हेच होतं. पण मला माहीत असून काय उपयोग? उद्या सातला कडुबाभाऊ येणार, आधी वही मागणार, मग गाडी काढणार.

बराच वेळ वही मांडीवर. कालच्यासारखं ‘नॉर्मल’ लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? एकदा मांजर म्हणून झालंय. त्यात मनी गेली. १००.४ लिहिलं, वेळेसकट. भीती वाटते. माझी नाही, म्हणजे माझीही, पण जास्त त्या पिल्लावालीची. तिचं पिल्लू आता पोटाला मावत नाही एवढं झालंय.

संध्याकाळी तशीच झाडासमोर बसले. सा.बा. चिंचोके घेऊन आल्या. एकतीसच्या जागी तीस, आणि वर सहा. मग त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवला. आत गेल्या आणि तांब्या भरून आणला.

समोरच्या ओट्यावर नामदेवतात्या, शेजारच्या दोघी, सगळे बघत होते.

"पी," म्हणाल्या.

घशात काटे होते. प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तांब्या ओट्यावर उपडा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.