ब्रह्मदेशाच्या गोधड्या

जळगाव, २ डिसेंबर १९४५
शेवटचा गठ्ठा बांधला. गोधड्या घेऊन नाना स्वतः मोटारीनं मुंबईला निघाले. तिथून बोटीनं रंगून. मदत समितीचे ते अध्यक्ष, मी चिटणीस. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यांनीच केलं. म्हणाले, "कुसुम, आता निवांत हो."
अमीनाबी मोटार वळेपर्यंत उभी होती. लढाईत तिचा भाऊ रसूल रंगूनला अडकला, तिथल्या एका कुटुंबानं त्याला लपवून जगवलं. म्हणून कापड रेशनवर असतानाही हिनं चांगली लुगडी फाडली. तिच्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा मासा.

२९ डिसेंबर
रंगूनच्या इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचं पत्र. डोंगरातली गावं जळालेली, पोरं गोणपाटावर निजतात. माल अजून नाही. नाना म्हणाले, बोटीला उशीर. असेल. लढाई संपली तरी बोटी अजून फौजेच्याच.

नरडाणा, १५ जानेवारी १९४६
संक्रांतीला अक्काकडे आले. शेजारची म्हातारी ओट्यावर उन्हात बसलेली. अंगावर गोधडी. लाल मासा.
विचारलं, कुठून आणली.
"नानासनी दिन्ही. बठ्ठा गावले दिन्ही. देवमाणूस शे."
साऱ्या गावाला! नाना इकडूनच निवडणुकीला उभे आहेत.
तिच्या अंगावरची काढून कशी घेणार? हात गारठलेले तिचे. तिथंच बसून राहिले.

जळगाव, १७ जाने.
नानांनी नाकारलं नाही. "बोटीत जागा मिळेना. आपली माणसं कुडकुडतायत, ती काय परकी?"
"मग मला सांगायचं होतं."
"तू ऐकलं नसतंस."
मतांचं विचारलं, तर आत चहा सांगितला. मी तो प्यायलेही. वडिलांच्या जागी मानलेला माणूस…

२० जाने.
नानांनी सभा ठेवली. ब्रह्मदेशाला मदत धाडणाऱ्या भगिनींचा सत्कार! अमीनाबी पुढेच बसलेली. मला दोन शब्द बोलायला उठवलं.
सांगून टाकलं. गोधड्या रंगूनला गेल्याच नाहीत, नरडाण्याकडे नानांच्या नावानं वाटल्या.
नाना शांतपणे म्हणाले, "पोर फार दमली आहे." लोकांनी माना डोलावल्या. मी शिकवते त्या शाळेतल्या बायांनीसुद्धा.
अमीनाबी माझ्याकडे न बघता उठून गेली.

२३ जाने.
समितीतून काढलं. निरोप नानांच्या गड्याकडून.
संध्याकाळी अमीनाबीकडे. दारातच उभी राहिली.
"चिटणीस तुम्ही. आन् तुम्हालाच ठाऊक नव्हतं?"
"नव्हतं, अमीनाबी."
मग म्हणाली, "रसूलनं त्याला लपवणाऱ्या त्या कुटुंबाला कळवलंय, बहिणीनं गोधड्या धाडल्या म्हणून. आता त्याला मी काय सांगू?"
आत ये म्हणाली नाही. दारही लावलं नाही.

२४ जाने.
रंगूनला लिहायला बसले. 'माल इथून निघालाच नाही.' एवढं लिहून झालं. कुणी अडवला, ते लिहायचं तर नानांचं नाव लिहावं लागेल. लिहिलं, आणि खाली माझंही, तेव्हाची चिटणीस म्हणून.