कामे पुलावरच्या दगडासाठी

मी, नो ओक-बुन, दुकानाच्या परवान्यावर जपानी नावाने नोमुरा तामाए, वय एकाहत्तर, राहणार नुमाकावा, कामे पुलाजवळच्या भाजक्या मांसाच्या खाणावळीच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या पोटात काय वाढते आहे ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. डोक्यात मात्र काही वाढलेले नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे एकच गृहस्थ आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

कलम १. घर, खाणावळ, जाळीच्या शेगड्या आणि मागच्या अंगणातले लोणच्याचे रांजण माझी मुलगी युन-ह्वा हिला मिळावेत. तिने खाणावळ चालवावी असा आग्रह नाही. विकली तरी चालेल, पण रांजण विकू नयेत. ते माझ्या आईने कोरियातून आणलेले नाहीत, लोक उगाच तसे सांगतात. ते याच गावात, कुंभार दुकान मोडत होता तेव्हा स्वस्तात घेतले. खरे काय ते मुलीला माहीत असावे.

कलम २. माझी शिल्लक मुख्यतः पुलाच्या टोकाशी, देवळाच्या आवारात बसवायच्या दगडासाठी खर्च व्हावी. १९२३ च्या मोठ्या भूकंपाला या सप्टेंबरात ऐंशी वर्षे होतील, त्या दिवशी तो उभा राहावा. मी तेव्हा असेन असे वाटत नाही, म्हणून दगडाविषयी इथेच सविस्तर लिहिते.

भूकंपानंतर गावोगाव अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत. नुमाकावाच्या पुरुषांनी बांबूचे भाले करून कामे पूल अडवला. येणाऱ्याला ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणायला लावत. आमच्या कोरियन जिभेवर ते जपानी शब्द नीट बसत नाहीत. जो अडखळला, त्याला तिथेच मारले. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नो मान-सॉक, नदीतली वाळू उपसण्याच्या कामावर होते. ते त्या पुलावर मारले गेले, हे ऐकतच मी मोठी झाले. घरी दर सप्टेंबरला वडील त्यांच्या नावाने पान वाढत.

नगरपालिकेचा इतिहास म्हणतो की पुलाजवळ काहीच घडले नाही, जे मेले ते आगीत मेले. त्या वेळच्या वर्तमानपत्रात पुलावर ‘चकमक’ झाल्याचे आहे, पण त्याच पानावर विषाची अफवाही बातमी म्हणून छापलेली आहे. देवळाच्या त्या वेळच्या भिक्षूने स्वतः अकरा प्रेते पुरली आणि तसे लिहून ठेवले. चौघांची नावे त्याला कळली, तीही लिहिली. नावाडी म्हातारा आम्हाला म्हणाला, “शंभर तरी असतील, नदी भरून गेली होती.” नंतर बोलता बोलता त्यानेच सांगितले की तो दोन दिवसांनी गावात परतला होता.

हे सगळे विचारत फिरताना माझ्यासोबत हियामा मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेले, जपानी, हाडकुळे, कडक. दारात त्यांना पाहून लोक तोंड उघडत, मला पाहून चहा देत. दोन्हीची गरज होती. ते आता नाहीत. त्यांचे माझ्यावर इतके उपकार आहेत की इस्टेटीत ते फेडण्याजोगे काही सापडत नाही. त्यांच्या विधवेला दर हिवाळ्यात माझ्या रांजणातले कोबीचे लोणचे पोचते, ते पोचत राहावे.

कलम ३. कोरियन रहिवाशांच्या संघाचे अध्यक्ष श्री. कू ब्योंग-ह्वा यांना काहीही देऊ नये. आमचे भांडण जुने आहे. दगडावर ‘शंभराहून अधिक’ कोरावे असे त्यांचे म्हणणे.

माझ्याच खाणावळीत, माझीच दारू पीत ते म्हणाले, “मारणाऱ्यांनी मोजले नाहीत ताई, मग आपण कशाला कंजुषी करायची?”

मी म्हटले, “कू-साहेब, काहीच घडलं नाही म्हणणारा नगरसेवक ओबा एक चूक शोधत बसलाय. एक सापडली की अकराही खोटे म्हणून मोकळा होईल. त्याला ती आयती का द्यायची?”

“म्हणजे शत्रूला विचारून दुखवटा पाळायचा?”

“शत्रूला नाही. ज्यांना पुरलं त्यांना विचारून. ती अकरा माणसं आहेत, आकडा नाही.”

“आणि बाकीचे? नदीने नेलेले?”

श्री. कू मूर्ख नाहीत. त्यांच्या त्या प्रश्नामुळेच दगडावरच्या मजकुरात शेवटचे वाक्य आले, म्हणून त्यांचेही आभार मानते, पण लेखीच. मजकूर असा असावा: ‘भूकंपानंतर या पुलावर गावकऱ्यांनी कोरियन माणसांना मारले. निदान अकरा जण या देवळात पुरले गेले. आणखी किती होते ते आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचे आम्हाला दुःख आहे.’ खाली भिक्षूने नोंदवलेली चार नावे.

चारच. यावरून माझ्या मागे वाद होईल, म्हणून कारण लिहिते.

माझ्या काकांचे नाव पाचवे असणार होते. ते मीच घालणार होते. तेवढ्यात टोफूवाल्याची मुलगी कात्सुनो बोलायला तयार झाली. भूकंपाच्या वेळी ती अकरा वर्षांची होती, आम्ही गेलो तेव्हा सत्तरीच्या पुढे. तिने पर्सिमॉनची फळे सोलून पुढे ठेवली आणि बराच वेळ सुरीच पुसत राहिली.

“माझा बाप होता पुलावर,” ती म्हणाली. “भाला घेऊन. एका पोराच्या पोटात त्याने तो घातला. मी कठड्यामागे होते. त्याला वाटलं, मी घरी आहे.”

मास्तरांनी विचारले, “आणखी कोणाला ओळखत होतात?”

“मान-सानला. वाळूवाला, उंच. रोज आमच्याकडचा टोफूचा चोथा न्यायचा. मला छोट्या मालकीणबाई म्हणायचा. त्यालाही ते शब्द म्हणायला लावले. त्याला कुठले येतायत. सगळे ओरडले, तर माझा बाप मध्ये पडला. म्हणाला, हा माझ्या दुकानातला गडी आहे, दात पडलेत म्हणून बोबडा बोलतो. आणि त्याला मागे ढकललं.”

मान-सान म्हणजे माझेच काका. मी विचारले, “मग?”

“मग लष्कराची गाडी आली. संरक्षण देतो म्हणाले. उरलेल्यांना घालून नेलं. मान-सान स्वतःच्या पायांनी चढला, बाई. मी पाहिलं. पुढचं मला माहीत नाही.”

परतताना मी मास्तरांवरच ओरडले. “बापाला चांगलं ठरवायला रचलंय तिने!”

मास्तर सावकाश म्हणाले, “ओक-बुनबाई, बापाला झाकायचं असतं तर त्या पोराची गोष्ट तिने सांगितलीच नसती. जी बाई बापाने भाला घातला हे सांगते, ती त्याने एकाला वाचवलं हे खोटं का सांगेल? आणि तुमच्या वडिलांना कोणी सांगितलं की काका पुलावर गेले?”

सांगितले होते वाळूवरच्या एका सोबत्याने. तो पूल अडवला जाण्याआधीच पळाला होता. हे मला वर्षानुवर्षे माहीत होते, फक्त मी ते इतरांच्या साक्षीसारखे कधी तपासले नव्हते.

लष्कराने लोकांना ज्या छावण्यांत नेले, तिथूनही माणसे बाहेर काढून मारली गेली, आणि काही जिवंत परतलीही. मी शोधले. माझे काका कुठेच सापडले नाहीत. ते त्या आठवड्यात मेले असतील, किंवा कोरियात, गावाकडे, म्हातारे होऊन. जो नियम मी नावाड्याला आणि श्री. कूंना लावला, तो स्वतःच्या घराला न लावणे मला शक्य नाही. म्हणून त्यांचे नाव त्या दगडावर नको.

वडील हे ऐकायला उरले नव्हते, याचे मला बरे वाटते की वाईट, ते अजून ठरलेले नाही. पण कात्सुनोची मी ऋणी आहे. माझ्या काकांच्या तोंडचे शब्द मला तिच्याकडूनच मिळाले, ‘छोट्या मालकीणबाई’. त्याआधी ते मला फक्त मेलेलेच माहीत होते.

कलम ४. मास्तरांनी आणि मी घेतलेल्या साक्षींच्या सर्व ध्वनिफिती सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात, काटछाट न करता. नावाड्याचीही. माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणाऱ्या फिती वेगळ्या कपाटात ठेवू नयेत.

कलम ५. नगरसेवक ओबा यांना माझ्या खाणावळीत एक वेळचे जेवण फुकट, हवे तितके. अट एकच: जेवताना कात्सुनोची फीत पूर्ण ऐकावी. मध्येच उठल्यास बिल लावावे.

कलम ६. युन-ह्वा, काकांचे पान दर सप्टेंबरला वाढत जा. मृत्यूची तारीख चुकीची असू शकते. भूक लागण्याला तारीख लागत नाही.

कलम ७. माझी रक्षा डोंगराकडच्या स्मशानात, माझ्या आईशेजारी ठेवावी. माझ्या दगडावर खरे नाव कोरावे, नो ओक-बुन. नोमुरा नको. त्या नावाखाली आणखी एक ओळ हवी. ती सिद्ध करायला कोणाची साक्ष लागत नाही आणि कोणता ओबा ती खोडून काढू शकत नाही: ‘नो मान-सॉक यांची पुतणी’.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

नुमाकावा, १८ एप्रिल २००३
(सही व शिक्का) नो ओक-बुन

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही आणि म्हणूनच जे पात्र आहेत:
१. इशिदो फुमी, केशकर्तनालय, पूलनाका
२. कू ब्योंग-ह्वा (कलम ३ मधील आकड्याशी असहमत. बाई पूर्ण शुद्धीत आहेत, हे मात्र शपथेवर सांगतो.)