काट्याचं भोक

देवपूर, धुळे
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मगननाना यांना पुतण्या प्रेमराजचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढाच).

काकूंची तब्येत, म्हशीची तब्येत आणि आपल्या मिशीची तब्येत कशी आहे? तिन्ही झकास असतील असं धरून पुढे लिहितो. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पारावर धरता आणि मग अख्खं असोदा माझ्याशी बोलतं. मागे गावात असतानाच मी तुम्हाला शाळेतून फोनवर पोटाची तक्रार सांगितली, तर दुसऱ्या दिवशी जीवराम सलूनवाल्याने मला शाळेच्या फाटकाशी अडवून विचारलं, "गुरुजी, आता साफ व्हतं ना?" म्हणून हे पत्र. घरात बसून, दार लोटून, एकट्याने वाचा.

तुम्हाला ठाऊक आहेच, वरून हुकूम आला की हायस्कूलच्या शेतीशिक्षकांनी यापुढे जीवशास्त्रही शिकवायचं. वरच्यांचं म्हणणं सरळ आहे : शेतीत झाडं असतात, जीवशास्त्रातही झाडं असतात, मग मास्तर दोन कशाला? (याच न्यायाने उद्या लग्नातल्या आचाऱ्याला रसायनशास्त्र देतील.) तर आपल्या आणि इथल्या अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतीमास्तरांना धुळ्यात गोळा करून प्रशिक्षण चाललं आहे. शेवटी, म्हणजे येत्या शुक्रवारी, प्रत्येकाने एक पाठ घेऊन दाखवायचा. जमला, तर आपल्या शाळेत जीवशास्त्राचे तास मला. नाही जमला, तर मी 'अतिरिक्त', आणि अतिरिक्त मास्तराला कुठे टाकतील ते देवालाही आधी कळत नाही. नाना, थट्टा सोडून सांगतो, मला असोदा सोडायचं नाही. तुमच्या सुनेची, रत्नाची, अंगणवाडी तिथे, तुम्ही तिथे. या वयात परक्या गावात खोली घेऊन एकट्याने खिचडी शिजवायची, या विचाराने माझा घास गळ्याखाली उतरत नाही. (इथे भिकुअक्काकडे उतरलोय, ती म्हणेल, "बठ्ठं उतरस, खोटं बोलस तो." तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

तुमची ही धाकटी बहीण मजेत आहे. मी जीवशास्त्र शिकतोय हे ऐकल्यापासून तिचा समज झाला आहे की मी डॉक्टर होणार. रोज संध्याकाळी पाय पुढे करून बसते, "मना गुडघा दख बरं." मी म्हटलं, अक्का, आमचं अजून शेवाळ चालू आहे, गुडघ्यापर्यंत यायला वेळ लागेल. तर म्हणते, तवलोंग मी थांबस. गुडघा काही थांबत नाही, म्हणून मी निमूट तेल चोळून देतो.

शिकवायला कोकिळा मॅडम आहेत. वयाने लहान, पण बोलायला इतक्या गोड की आपण बोलणी खाल्ली हे माणसाला जेवणाच्या सुटीत कळतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं करून विचारलं, टिश्यू म्हणजे काय? आता केळीच्या मुलखातल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मी छाती काढून सांगितलं, पाच बाय सहा फुटांवर लावायचं, ठिबक आधी अंथरून घ्यायचं. वर्गाने माना डोलावल्या. नरडाण्याचे सुकलालसर तर म्हणाले की आमच्याकडच्या उन्हात टिश्यू टिकत नाही. मॅडम बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या (खांदे हलत होते). मग कळलं की टिश्यू म्हणजे उती, म्हणजे एकाच कामाच्या पेशींचा गट, आणि आपण ज्याला टिश्यू म्हणतो ती त्यापासून वाढवलेली नुसती केळीची रोपं. त्यांनी पुढे पेशी म्हणजे काय ते विचारलं. सुकलालसर म्हणाले, "कोर्टातली?" त्यांचा बांधाचा दावा चालू आहे, त्यांना दोष देता येत नाही. आमची दुसरी खोड अशी की कोणताही जीव दाखवला की आम्ही आधी विचारतो, यावर फवारा कोणता? मॅडमनी बेडकाचं चित्र लावलं तेव्हाही मागून कुणीतरी पंपाला किती मिली ते विचारलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, आधी त्याला जगू तर द्या."

आता मुद्द्यावर येतो. मी पाठाला विषय घेतला 'फळाचा आडवा छेद', कारण वांगं घरचं. बसमध्ये ठेवून तुम्ही पाठवलेली पिशवी व्यवस्थित मिळाली. काय ती वांगी, नाना! हिरवी, लुसलुशीत, देठाला काटे. काल दुपारी सरावाचा पाठ होता. सकाळी मी ती टेबलावर मांडली आणि 'बीजकविन्यास' हा शब्द (म्हणजे फळातली बियांची मांडणी; तो माझ्या दातांतून सरळ बाहेर येत नाही) घोकत व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलो. तेवढ्यात सातपुड्याकडचे डोंगरसिंगसर आत गेले. त्यांनी एक वांगं हातात तोललं आणि जाहीर केलं, "हाई वांगं कापानं नही शे, भाजानं शे!" खानदेशातल्या मास्तरांच्या खोलीत भरताची वांगी उघड्यावर ठेवणं ही चूक माझीच. मी परत येतो तो इमारतीमागे कपाशीच्या काड्या पेटलेल्या, कुणी शेजारून भरीत ठेचायची लाकडी बडगी आणलेली, सुकलालसरांच्या डब्यातून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी निघालेल्या. मी खूप विरोध केला. (पहिल्या घासापर्यंत.) मॅडम आल्या, त्यांनी आधी कडक आवाजात विचारलं, नमुना कुठे आहे? मग वाटी हातात आल्यावर विचारलं, आणखी आहे का?

सगळी वांगी गेली, एक सोडून. ते डोंगरसिंगांनी बाजूला काढलं होतं, कारण त्याला भोक होतं.

नाना, पारावर जीवरामच्या साक्षीने तुम्ही केलेली प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहे, "माह्या वांग्यात अयी दाखवा, तठेच मिशी उतरवतो!" अळी नसतेच, भोक दिसलं तर ते काट्याचं, वाऱ्याने शेजारच्या देठाचा काटा लागतो, हेही पाठ आहे. तेव्हा पाठ सुरू होताच मी तुमच्या थाटात ठणकावून सांगितलं, हे काट्याचं भोक आहे, आणि सुरी चालवली. आतून अळी निघाली. गुलाबीसर, तुकतुकीत, झोपमोड झाल्यासारखी. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि माझ्या हातावर चढली. वर्ग हसून लोळला, आणि बीजकविन्यास माझ्या डोक्यातून जो उडाला तो गेलाच. मग मी काय करणार? जे येत होतं ते बोललो. हिची आई पानावर अंडी कुठे घालते, ही शेंड्यात कशी शिरते, तिथून फळात कशी जाते, भोकाचं तोंड बुजवून आत कशी राहते, कोषासाठी खाली पालापाचोळ्यात कशी उतरते. बोलता बोलता मला फवाऱ्याची आठवणच झाली नाही. ती एका वांग्यात अख्खा संसार मांडून बसते, याचं मलाच कौतुक वाटू लागलं होतं. थांबलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सर, छेद राहू द्या. शुक्रवारी हाच पाठ घ्या." बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं. डोळे धुरानेच चुरचुरत होते, असं समजा.

असो. इकडे सर्व ठीक आहे. मला कशाचीही गरज नाही, उगीच काही पाठवायच्या फंदात पडू नका. काकूंना नमस्कार, म्हशीला एक थाप, आणि तुम्हाला पुन्हा एकदा, जेवढी कंबर परवानगी देईल तेवढा, नमस्कार.

तुमचा (अजून तरी असोद्याचाच)
प्रेमराज

ता. क. : शुक्रवारच्या पाठासाठी ती अळी मी औषधाच्या बाटलीत जपून आणली होती. आज सकाळी अक्काने बाटली घासून उन्हात ठेवली आहे. "बाटलीमा किडा व्हता, फेकी दिना." तेव्हा गुरुवारच्या बसने एक पिशवी वांगी पाठवाल का? किडकी हवीत. माझी नोकरी आता अळीच्या हातात आहे.

ता. क. दुसरा : मॅडमनी वांगं कुठलं ते विचारलं. मी सांगितलं, धुळ्याच्या बाजारातलं. मिशीला धक्का नाही. मात्र काकू पिशवीवर तुमचं नाव ठळक अक्षरांत लिहितात, या खेपेला पिशवी कोरी असू द्या.

ता. क. तिसरा : किडकी शोधत बसण्याचे कष्ट घेऊ नका. नेहमी पाठवता तशीच पाठवा.