नलूशिवाय खिंडशी

१५ ऑक्टो. ७८, रविवार

कन्हानच्या पुलापासूनच परत आले. निघाले होते रामटेकला.

चार महिने सायकल भिंतीला टेकून होती. पावसाचं निमित्त होतं, आता तेही उरलं नाही. काल चेनला तेल दिलं, हवा भरली, सकाळी साडेपाचला बाहेर. कामठीत नेहमीसारखे दोन-चारजण हसले. पंजाबी ड्रेसमधली चाळिशीची बाई सायकलवर, त्यांना गंमत वाटते. नलू बरोबर असली की आम्हीही त्यांच्याकडे पाहून हसत असू. एकटीला ते जमत नाही.

पुलाअलीकडच्या टपरीवर चहावाल्यानं न विचारता दोन ग्लास भरले. 'दुसऱ्या बाई मांगून येऊन राहिल्या का?' मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. दोन्ही चहा मीच प्यायले आणि सायकल वळवली.

१८ ऑक्टो., बुध.

दुपारची ड्यूटी. ट्रंक बोर्डावर आज रायपूरचेच सात कॉल. तिकडची ऑपरेटर 'हां नागपूर, बोलो' म्हणते तेव्हा दर वेळी वाटतं, नलू याच गावात आहे. एक्स्चेंजमध्ये अकरा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसायची. मे महिन्यात लग्न करून गेली. नवरा बिजवर, राइस मिलमध्ये मॅनेजर, पहिल्या बायकोच्या दोन मुली.

तिची दोन पत्रं कपाटात आहेत. उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की खिंडशीची ती शेवटची खेप आठवते. तलावाच्या पाळीवर बसून डबे उघडले होते. तिनं लग्नाचं सांगितलं. मी म्हटलं, 'त्याला बिनपगारी आया पाहिजे होती. मिळाली.'

शब्द हेच. तिनं डब्याचं झाकण लावलं. परतीच्या पन्नास किलोमीटरमध्ये ती पुढं, मी मागं, एकदाही वळून पाहिलं नाही तिनं. लग्नाला गेले होते, पण ड्यूटी आहे सांगून पंगतीच्या आधीच निघाले. ड्यूटी नव्हती.

५ नोव्हें., रविवार

गेले एकदाची. दिवाळीची सुट्टी, घरात बसून काय करायचं. आई गेल्यापासून दिवाळीत खोली जास्तच मोठी वाटते.

कन्हान ओलांडेपर्यंत उजाडलं. टपरीपाशी थांबले नाही. मनसरला मँगनीजच्या ट्रकांची काळी धूळ, दातांत कचकच. तिथून उजवीकडं वळलं की गड दिसतो, टेकडीच्या माथ्यावर पांढरी देवळं. मग अंबाळ्याचं तळं, त्याचे जुने घाट. एक म्हातारा पायरीवर बसून दाढी करत होता. टेकडीला वळसा घालताना चढ लागतो तिथं नलू नेहमी उतरायची आणि मी तिच्यासाठी उतरत असे, असं मी समजत होते. आज कळलं, मलाही तो चढ झेपत नाही.

उतार मात्र अजून तसाच. ब्रेक सोडून दिले. डोळ्यांत पाणी, कानात वारा, आणि एकदम समोर खिंडशी, तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये पाणी. पलीकडच्या काठावर कोळ्यांचे दोन डोंगे. मी 'अगं बघ' म्हणून बोलून गेले. मोठ्यानं.

पाळीवर गेले नाही. रस्त्यावरूनच पाहिलं, दोन संत्री खाल्ली, परत.

२१ नोव्हें., मंगळ.

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा प्लास्टरमध्ये. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं.

रविवारी पुन्हा गेले होते. परतताना नगरधनचा किल्ला पाहावा म्हणून वाट वाकडी केली. नलूला किल्ल्यात रस नव्हता, त्यामुळं दहा वर्षांत कधी पाहिला नव्हता. सगळीकडं धानाची कापणी. गावाजवळ धान भरलेली बैलगाडी समोरून आली, मी कडेला घेतली, पुढचं चाक गाडीच्या चाकोरीत अडकलं. पडले ती उजव्या मनगटावर.

शेतातून एक बाई धावत आली, हातात विळा तसाच. पन्नाशीची असेल. 'उठू नको वं बाई, बसून राय. हात कायले हालवून राहिली?' तिनंच घरी नेलं. नाव सखूबाई. नवरा नाही, मुलगा कामठीला बिडीच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येतो. गावातल्या कंपाउंडरनं बांबूच्या कामट्या लावून मनगट बांधलं आणि म्हणाला, सकाळी नागपूरला जा, हाड गेलं आहे. संध्याकाळची गाडी निघून गेली होती.

सखूबाईनं आडनाव विचारलं. सांगितलं. ती जराशी थांबली. आम्ही कोण ते आडनावावरून कळतंच. मग चुलीपाशी गेली आणि भाकर थापायला बसली. मला ताट दिलं ते तिच्या ताटाशेजारीच.

जेवताना म्हणाली, 'घरी वाट पाहत असतीन. सरपंचाचा भासा मोटरसायकलनं रामटेकले चालला. तिथून फोन करते तो. कोनाले सांगाचं?'

मी विचार करत राहिले. घास हातात तसाच. एक्स्चेंजला सांगावं तर माझी ड्यूटी सोमवारी दुपारी. घरमालकिणीकडं फोन नाही. शेवटी म्हटलं, कोणाला नको.

'काहून वं? कोनीच नाही?'

'नाही.'

ती माझ्याकडं पाहत राहिली. लोणच्याची फोड वाढली.

दिवसभर लोकांना लोकांशी जोडून देते मी. एकही नंबर आठवला नाही.

२२ नोव्हें., बुध.

कालचं अर्धंच राहिलं, हात दुखला.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं आले. कंडक्टर आणि सखूबाईनं मिळून सायकल टपावर चढवली. दवाखान्यात प्लास्टर, सहा आठवडे. दुपार तिथंच गेली, ड्यूटीवर कळवणं झालं नाही. घरी पोचले तेव्हा घरमालकीण अंगणात तांदूळ निवडत होती. हात गळ्यात पाहून म्हणाली, 'बाप रे. आज पडलात का?' मी आदल्या रात्री घरी नव्हते हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिची काही चूक नाही. मीच कधी सांगून जात नाही.

२५ नोव्हें., शनि.

मेडिकल द्यायला एक्स्चेंजमध्ये गेले. बोर्डावरची लता हेडफोन मानेवर ओढून म्हणाली, 'अगं, सोमवारी तुझ्यासाठी रायपूरहून पी.पी. कॉल होता. तुझ्या नावाचा. नलूताईच होत्या. मी म्हटलं आज आली नाही, काही कळवलंही नाही. त्यांनी दोनदा विचारलं, काहीच कळवलं नाही का?'

'मग?'

'मग काही नाही. ठेवला.'

काय काम होतं ते लताला माहीत नाही. पायी घरी आले. बर्डीच्या बाजारात गर्दी होती तरी बरं वाटलं गर्दीतून चालायला.

३० नोव्हें., गुरु.

नलूचं पत्र. जाड. तीनदा वाचलं.

लिहिते की काम काही नव्हतं. मिलच्या ऑफिसात त्या दिवशी डबा द्यायला गेली, नवरा गोदामात होता, टेबलावर फोन. 'सहा महिन्यांत मला कोणी नलू म्हटलं नाही. बहू, भाभी. मुलींतली धाकटी मम्मी म्हणते, मोठी काहीच म्हणत नाही. तुझ्या तोंडून ऐकावं वाटलं.' मग लताचा निरोप. 'तू न कळवता ड्यूटी चुकवणारी नाहीस. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. काही असेल तर एक ओळ टाक.'

म्हणजे सोमवारी कोणीतरी मला शोधत होतं. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेव्हाच.

शेवटी एक ओळ, वेगळ्या शाईत: 'तू खिंडशीला म्हणालीस ते अर्धं खरं निघालं. अर्धं नाही.'

कोणतं अर्धं, ते लिहिलं नाही.

४ डिसें., सोम.

कार्ड टाकलं. डाव्या हातानं. 'सायकलवरून पडले. मनगट मोडलं. बरी आहे. काळजी नको.' पुढं लिहायचं होतं. माफ कर, हे दोन शब्द. कार्डावर जागा होती. पोस्टमनपासून तिच्या नवऱ्यापर्यंत कोणीही वाचणार म्हणून लिहिले नाहीत, असं स्वतःला सांगितलं. पाकीट आणता आलं असतं.

१९ डिसें., मंगळ.

उत्तर नाही. थंडी फार. प्लास्टरच्या आत खाज, विणायच्या सुईनं खाजवते.

२ जाने. ७९, मंगळ.

प्लास्टर काढलं. मनगट बारीक, पांढरट, दुसऱ्या कोणाचं असावं असं. डॉक्टर म्हणाले महिनाभर सायकल नाही. हो म्हटलं.

७ जाने., रविवार

सायकल एस.टी.च्या टपावर टाकून रामटेकपर्यंत गेले. तिथून पुढं चालवत. डॉक्टरांचं अर्धं ऐकलं.

आधी नगरधन. सखूबाईसाठी लुगडं नेलं होतं. घेईना. 'म्या का लुगड्यासाठी ठेवलं होतं तुले?' मग घेतलं, उलगडून काठ पाहिला, पुन्हा तशीच घडी घातली. दोघी किल्ल्यात गेलो. ती त्या गावची, पण आत फक्त बकऱ्या शोधायला आलेली. बुरुजावरून सगळा धानाचा मुलूख दिसतो, कापून झालेला, आणि वर रामटेकची टेकडी. तिथं बसून मी तिला नलूचं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सगळं, आया म्हटलं तिथपर्यंत.

तिनं ऐकलं. म्हणाली, 'वाईट बोलली तू.'

'हो.'

'तिचं लगन वाईट होईन म्हणून बोलली, का तू एकटी पडशीन म्हणून?'

मी उठून उभी राहिले. उतरताना माझा डावा हात धरून उतरली, मला वाटलं तिला आधार पाहिजे. खाली आल्यावर कळलं की तिनं मला धरलं होतं.

मग एकटीच खिंडशी. चढाला उतरले, सायकल हातात धरून नेली. या वेळी पाळीवर गेले. जागा तीच, दगड तोच असेल. पाणी खाली गेलं आहे, काठाला चिखलाचा पट्टा, त्यात बगळे. तासभर बसले. सखूबाईला द्यायचं उत्तर तिथं स्वतःला दिलं. दोनातलं दुसरं.

१५ जाने., सोम.

सकाळची ड्यूटी संपवून घरी न जाता पुढच्या दारानं ट्रंक कॉलच्या काउंटरवर गेले. लोकांसारखी रांगेत उभी राहिले. फॉर्म भरला: रायपूर, मिलचा नंबर, पी.पी., नलिनी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, 'मॅडम, आत बोर्डावरून लावा ना.' म्हटलं, नाही.

दीड तास बाकावर. मग बूथ नं. २.

मिलमधल्या कोणीतरी घरी माणूस पाठवला होता. चपलांचा आवाज, मग श्वास. धापा टाकत होती.

'हॅलो? नागपूर?'

'नलू,' म्हटलं.

'हात कसा आहे?'

'बरा. काल पोळ्या लाटल्या.'

'कुठून बोलतेस, बोर्डावरून?'

'काउंटरवरून. बूथमधून.'

'का गं?'

मी मुलींचं विचारलं. धाकटीच्या गोवराचं ती बोलली. म्हणून पत्र राहिलं. मी थंडीचं बोलले. आवाज मध्येच लांब जायचा, पुन्हा यायचा. मी घड्याळाकडं पाहत होते, सवयच आहे. मग म्हटलं, 'नलू, मी त्या दिवशी तलावावर जे बोलले ते तुझ्यासाठी नव्हतं. माझं मला—'

तेवढ्यात लताचा आवाज, बोर्डावरचा, ओळख न दाखवणारा: 'तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?'

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून नलू म्हणाली, 'वाढवा.'

पुढची तीन मिनिटं आम्ही दोघी फारसं बोललोच नाही. ती आहे, एवढं ऐकू येत होतं. मागं मिलचा पट्टा चालल्याचा आवाज. एकदा तिनं नाक ओढलं, की लाइनची खरखर होती. शेवटी म्हणाली, 'होळीला यायचं म्हणते. हे सोडतील तर.' आणि लाइन गेली. वेळ संपली होती की तिनं ठेवला, ते लताला विचारलं नाही.