एकही पद रिक्त नाही

३ मार्च, सकाळी ६:४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर गेल्यावर आठवणी लिहाव्या लागतील, तेव्हा कच्चा माल हवा. संकल्प तीन. रोज लिहिणे. चहात साखर अर्धा चमचा. कुणावरही न चिडणे.

३ मार्च, दुपारी १
चिडलो. टायपिस्टबाईंनी माझ्या उत्तरातलं एक अख्खं वाक्य गाळलं. याला काही अर्थच नाही म्हणाल्या. अहो, अर्थ निघू नये म्हणून तर अर्धा तास खपलो! परत टाइप करायला लावलं. चहात दोन चमचे घेतली.

४ मार्च
आठवणींच्या पुस्तकासाठी नोंद. आमचं खातं लिफ्ट तपासणीचं. आमदार लेखी प्रश्न पाठवतात, खात्याने दहा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, मंत्र्यांच्या सहीने ते छापून सभागृहात ठेवलं जातं. सही मंत्र्यांची, अक्कल माझी. एकवीस वर्षं उत्तरं लिहितोय. पाच मंत्री आले नि गेले, पण माझ्या एकाही उत्तरातून कुणाला ताकास तूर लागलेली नाही. हा विक्रम आहे. कुणी नोंद घेत नाही, ते सोडा.

उपसंचालकांची खुर्ची डिसेंबरपासून रिकामी. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव माझं. पदोन्नती समिती मेअखेर बसणार. माझी निवृत्ती ३० जूनला. म्हणजे खुर्ची महिनाभरच. असू दे. महिनाभराचा उपसंचालकसुद्धा मरेपर्यंत ‘माजी उपसंचालक’ असतो. मेव्हणा गेली अठ्ठावीस वर्षं माझी ओळख ‘हे ऑफिसात असतात’ अशी करून देतो. स्वतः टाइल्स विकतो आणि बोलतो असा, जणू डोंगर यानेच घडवले. जूनमध्ये त्याच्या दुकानात जाणार. टाइल्स बघायला नाही. कार्ड द्यायला.

९ मार्च
टोचणीचा प्रश्न आला. टोचणी म्हणजे एक आमदारबाई. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या, एकदा धरलेली लाइन सोडत नाहीत. विचारतात: निरीक्षकांच्या बावीस पदांपैकी तेरा पदे आणि उपसंचालकांचे पद रिक्त असल्याने शेकडो इमारतींमधील लिफ्टची तपासणी झालेली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, पदे केव्हा भरणार? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

खरं आहे. तंतोतंत खरं आहे. म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. खोटा आरोप असता तर दोन मिनिटांत फेटाळला असता. या बाईंना लोकांची कामं नाहीत का? रस्ते बघा, गटारं बघा. आमच्या खुर्च्या कसल्या मोजताय?

१० मार्च
साहेबांनी बोलावलं. मंत्र्यांना ‘होय’ नको आहे म्हणाले. आणि ‘नाही’ म्हणावं तर ते खोटं. बघा काहीतरी, म्हणाले. संचालक झाले, पण अडलं की माझ्याकडेच.

१२ मार्च, सकाळी ७:०५
सुचलं! आंघोळ करताना. ओल्या अंगानेच लिहितोय. अतिरिक्त कार्यभार! तेरा रिकाम्या पदांचा कार्यभार उरलेल्या नऊ निरीक्षकांना कागदोपत्री वाटून टाकायचा. ज्या पदाचा कार्यभार कुणाकडे तरी आहे ते रिक्त कसं? हिने बाहेरून विचारलं, पाय घसरला का. या घरात प्रतिभेची कदर नाही.

१२ मार्च, दुपार
आदेश वाटले. एक निरीक्षक रडकुंडीला आला. गावाच्या दोन टोकांना एकाच दिवशी कसा जाऊ, विचारतो. म्हटलं, जायला सांगितलंय कुणी? कार्यभार सांभाळा. अजिबात डोकं नाही.

१३ मार्च
आता उपसंचालकांचं पद. साहेब म्हणाले, तेवढं एक रिक्त दाखवू या, नाहीतरी मेमध्ये तुम्हीच येणार आहात तिथे. मी साफ नाही म्हटलं. एक टाका सुटला की टोचणी तिथूनच अख्खं उसवत जाईल. उत्तर कसं पाहिजे, बिनफटीचं!

मग कार्यभार कुणाला? मी स्वतः घेतला तर टोचणी म्हणेल, उत्तर लिहिणाऱ्यानेच खुर्ची घेतली. मी सुचवला बरोब्बर. बरोब्बर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, माझ्याहून सहा वर्षांनी ज्युनिअर. कुणीही काहीही बोललं तरी ‘बरोब्बर’ म्हणतो. निरुपद्रवी प्राणी. साहेब म्हणाले, विचार करा. विचार केला होता. एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा रुमाल. रुमाल कधी स्वतः प्रवास करतो का? आदेशावर १ मार्च तारीख घातली, म्हणजे प्रश्न यायच्या आधीचा दिसेल. बरोब्बरला सांगितलं, नुसतं नावापुरतं आहे. तो बरोब्बर म्हणाला.

१६ मार्च
उत्तर गेलं. पूर्ण उतरवून ठेवतो.
(१) हे खरे नाही. सर्व पदांचा कार्यभार सोपविण्यात आलेला असून एकही पद रिक्त नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.
याहून देखणं उत्तर खात्याच्या इतिहासात नसेल.

२४ मार्च
छापून आलं. सभागृहात ठेवलं. टोचणी गप्प. एक प्रत घरी आणली. हिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, एकही पद रिक्त नाही तर तुम्ही बसणार कुठे? पोट धरून हसलो. सरकारी भाषा बायकांना कळत नाही. ही म्हणाली, मला कळली, तुम्हाला कळली का ते बघा. उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नव्हता.

२ एप्रिल
बरोब्बरने उपसंचालकांच्या केबिनची किल्ली मागितली. फायली ठेवायला जागा नाही म्हणे. दिली. मन मोठं ठेवावं.

९ एप्रिल
केबिनच्या दारावर बरोब्बरच्या नावाची पाटी! खाली बारीक अक्षरात ‘अतिरिक्त कार्यभार’. इतकं बारीक की भिंगाने वाचावं लागतं. मी भिंग नेलं होतं. आयत्या बिळावर नागोबा.

१५ एप्रिल
माझा रजेचा अर्ज परत आला. शेरा: ‘कारण स्पष्ट नाही.’ सही बरोब्बरची. रुमाल सह्या करायला लागला! बोलायला गेलो तर बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटं बसलो. नोकरीला लागला तेव्हा याला फायलीला नाडी कशी बांधायची ते मी शिकवलं होतं. आत गेल्यावर म्हटलं, हे शोभत नाही. तो बरोब्बर म्हणाला. शेरा तसाच ठेवला.

२१ एप्रिल
आज ही आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, चाळीस मिनिटं. पंखा बंद, दिवा बंद. वॉचमनने दार फाकवून हात धरून ओढून काढली, गुडघा सोलवटला. मी ऑफिसातून पोचलो तेव्हा जिन्यावर बसून पाणी पीत होती. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर फार वाटली. सोसायटीचा सेक्रेटरी सगळ्यांसमोर विचारतो, तपासणीसाठी दोन वर्षांत चार पत्रं दिली, तुमचा निरीक्षक कधी येणार? म्हटलं, आपल्या भागाचं पद रिक्त नाही, कार्यभार सोपवलेला आहे. हिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, मग त्या कार्यभारालाच बोलवा की, मला वर नेऊन सोडेल.
पाच मजले चढलो. मागे न बघता ती पुढे.

२२ एप्रिल
अबोला. संकल्प: यापुढे जिनेच वापरणे. तब्येतीला चांगलं.

१८ मे
दहा दिवसांवर समिती. कोट शिवायला टाकला. शिंप्याला सांगितलं, आतल्या खिशात व्हिजिटिंग कार्डं मावली पाहिजेत. अबोला सुटलाय, पण ही फक्त कामापुरतं बोलते. उपसंचालक झालो की बोलेल. काल तिने भावाला फोनवर सांगितलेलं ऐकलं, मेअखेर होतंय म्हणून. म्हणजे विश्वास आहे.

२८ मे, दुपारी ४:३०
समितीकडून माझी फाइल परत आली. शेरा उतरवतो. ‘सभागृहात दिलेल्या उत्तरानुसार सदर पद रिक्त नाही. सबब पदोन्नतीचा प्रस्ताव विचारात घेता येत नाही.’

साहेबांकडे धावलो. म्हटलं, पद रिक्त आहे हे सगळ्या खात्याला माहीत आहे! साहेबांनी कपाटातून छापील उत्तर काढलं आणि मला वाचून दाखवलं. माझंच उत्तर, मलाच. आता रिक्त आहे म्हटलं तर मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली असं होईल, टोचणी हक्कभंग आणेल, मंत्र्यांना उभं राहून माफी मागावी लागेल. मग मंत्री विचारतील, हे लिहिलं कुणी? हात दाखवून अवलक्षण केलंत, म्हणाले. वर हेही म्हणाले की मी ते एक पद सोडा म्हणून सांगत होतो. माणसाने इतकं चांगलं स्मरण ठेवू नये.

२८ मे, संध्याकाळ
उत्तरात फट शोधतोय. दोन तास झाले. नाही. ज्याने कुणी लिहिलं असेल त्याला मान द्यावा असं उत्तर आहे. मीच लिहिलं.

३० मे
बरोब्बरला म्हटलं, तू स्वतःहून कार्यभार सोड. तो बरोब्बर म्हणाला. मग म्हणाला, आदेशात ‘पुढील आदेशापर्यंत’ असं आहे. पुढचा आदेश उपसंचालकांच्या सहीने निघतो. उपसंचालक तो.
त्या आदेशाचा मसुदा माझाच.

२ जून
मेव्हण्याचा फोन. अभिनंदन करू का, विचारतो. हिने घेतला होता. नको म्हणाली, आणि आत निघून गेली. सगळ्यांचा संताप येतो. साहेबांचा, बरोब्बरचा, मेव्हण्याचा, शिंप्याचा. कोट झाला आहे, घेऊन जा म्हणून तीनदा निरोप.

४ जून
गेलो. टोचणीकडे. एकवीस वर्षांत कुठल्याही आमदाराची पायरी चढलो नव्हतो. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेले फायलींचे ढीग. बाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. सगळं सांगितलं: तेरा पदं, मागची तारीख, रुमाल, ही लिफ्टमध्ये अडकली ते. मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, ते उत्तर लिहिणारा माणूस भेटला तर चार शब्द सुनवायचे ठरवलं होतं, पण तुमच्याकडे बघून बोलवत नाही. विचारलं, हे लेखी द्याल? म्हटलं, छे. लेखी देण्यातच आयुष्य गेलं, पण असलं कधी दिलं नाही. मग मी प्रश्न टाकते, म्हणाल्या, तुम्ही खरं उत्तर येईल एवढं बघा. म्हटलं, ते माझ्यावर सोडा.
येताना कोट घेतला. छान बसतो.

१५ जून
प्रश्न आला! वाह रे बाई! खात्यातील सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यास, पद प्रत्यक्षात रिक्त असताना, पदोन्नतीपासून वंचित ठेवण्यात आले, हे खरे आहे काय? असल्यास, निवृत्तीपूर्वी त्यांना न्याय देणार काय? नसल्यास, कारणे काय?
माझ्यावर प्रश्न. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं. हिला वाचून दाखवला. ती चक्क माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, या वेळी खरं लिहा हो.
लिहिणार. ‘होय, हे खरे आहे.’ चार शब्द.

१८ जून, सकाळ
साहेब म्हणाले, लिहा ‘होय’, मी अडवत नाही. फक्त मग मार्चचं उत्तर खोटं ठरेल, चौकशी लागेल, आणि मागची तारीख कुणाच्या अक्षरात आहे ते तुम्हाला माहीत आहे. निवृत्तीला बारा दिवस आहेत, घरी जाऊन शांत विचार करा. चार वाजेपर्यंत उत्तर हवं.

१८ जून, दुपारी ३:५०
तीनदा ‘होय’ लिहिलं. तीनदा कागद फाडला. टायपिस्टबाई शेजारी वाट बघत उभ्या होत्या.
उत्तर दिलं. उतरवून ठेवतो.
(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. सदर अधिकारी समाधानी असून त्यांची कोणतीही तक्रार नाही.

साहेब म्हणाले, उत्तम, एक शब्द बदलायला नको. बरोब्बरने सही केली. शेवटचं वाक्य घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच घातलं. त्याशिवाय उत्तर पक्कं झालं नसतं.