बन्सीधर मास्तरांची बदली न करण्याबाबत

प्रति,
मोहतमीम साहेब, तालीमात (शाळाखाते),
मुक्काम परभणी.

अर्जदार: मल्लम्मा, कै. शिवमूर्ती किराणावाले यांची पत्नी, मौजे बेलवाडी, वालूरजवळ.

विषय: नात गिरजा हिचे शाळेतून कमी केलेले नाव पुन्हा घालणे व हेडमास्तर बन्सीधर यांची बदली रोखणे.

संदर्भ: माझे आधीचे दोन अर्ज. ते रीतीप्रमाणे हेडमास्तरांमार्फतच पाठवावे लागले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले नसावेत. हा लिंबाजी गाडीवानाच्या हाती पाठवला आहे.

महोदय,

१. बन्सीधर मास्तरांनी गिरजाला भर वर्गात उभे केले. "हिच्या डोक्यात भुसा हाय. आजीला म्हणावं, गवऱ्या थापायला लाव," असे म्हणून घरी पाठवले आणि हजेरीत तिच्या नावापुढे "जन्मतः मंद" असा शेरा मारला. शेरा खोटा आहे.

२. दीड वर्षाची असताना गिरजा मला हाक मारी, वासराला नावाने बोलवी. दुकानात गुळाचा डबा कोणता, हे तिला बरोबर ठाऊक असे. मग गावात गोवराची साथ आली. पुरळ मावळले, पण ताप डोक्यात चढला आणि पोरीला झटके सुरू झाले. त्यातून उठली तेव्हा सगळे शब्द गेले होते. पुढे बोलू लागली, परंतु सकाळी शिकलेले संध्याकाळी राहत नाही. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आजी, गोवराची सूज मेंदूला लागली. कोवळ्या वयात लागली की असं होतं. पोरीला कळतं, पण टिकत नाही. पुन्हा पुन्हा शिकवा, थोडं थोडं राहील."

३. ज्या दिवशी झटके आले त्याच दिवशी गावाने साथीच्या देवीचा गाडा शिवेबाहेर काढला होता. त्या दिवशी आमच्याकडे वेस बांधतात. बैल जुंपत नाहीत, कोणी गाव सोडत नाही. आमचे घर महादेवाचे, तरी रीत आम्हीही पाळत आलो. पण पोर मांडीवर ताठ झाली होती. लिंबाजीने गाडी जुंपली आणि सेलूच्या दवाखान्याकडे निघालो. वेशीत काठी आडवी धरून बन्सीधर मास्तर उभे होते. "मल्लम्मा, वेस बांधली हाय. आज चाक भाईर गेलं तर देवी माघारी फिरंल." लिंबाजी म्हणाला, "मास्तर, पोरगी चाललीय की वो!" काठी हलली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर वेस मोकळी झाली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

४. हे मास्तर लहानपणी आमच्या दुकानासमोरच्या ओसरीवर धूळपाटी गिरवीत. एक दसरा गेला, दुसरा आला, तरी त्यांची बाराखडी पुरी होईना. म्हातारे पंतोजी रोज नव्याने त्यांचे बोट धरीत. त्यांनी बन्सीधरला घरी पाठवले नाही. चांगला माणूस होता. ते शिकवणे गावातून गेले आणि हे मास्तर झाले.

५. मास्तरांनी जिंतूरकडे बदली मागितल्याचे कळले. गावातले पुष्कळ लोक त्यांची बदली व्हावी म्हणून अंगठे उठवायला तयार आहेत. माझी विनंती उलट आहे. त्यांना कोठेही जाऊ देऊ नये. शेरा खोडावा, गिरजाला पहिल्या ओळीत बसवावे आणि तिला स्वतः बन्सीधर मास्तरांनीच शिकवावे. ती उद्या विसरेल, परवा विसरेल. त्यांनी परवाही "ग" पासून सुरू करावे. तिला आपले नाव वाचता येईल त्या दिवशी त्यांना सोडावे. गाडी जुंपून मी स्वतः त्यांना वेशीबाहेर पोचवीन.

तिला आठवत नाही, म्हणून मी जिवंत आहे तोवर हे लिहीत राहीन.

आपली नम्र, आणि उत्तराशिवाय न थांबणारी,
मल्लम्मा
१२ बहमन, १३५० फसली

सोबत:
(१) डॉक्टरांचा दाखला, उर्दूत.
(२) गिरजाची पाटी. काल दुपारी तिने काढलेला "ग" तीवर आहे. आज सकाळी तो तिला ओळखता आला नाही. पाहून पाटी लिंबाजीच्याच हाती परत द्यावी, रोज लागते.