उत्कर्षाच्या रुखवतातला तलाव

३ नोव्हेंबर
आजपासून मी हानजी कलाकार. हानजी म्हणजे कोरियाचा हातकागद. लोक राइस पेपर म्हणतात, पण असतो तुतीच्या सालीचा. रंगवायचा, फाडायचा, थरावर थर चिकटवायचा, झालं चित्र! व्हिडिओतली कोरियन बाई चहा पीत पीत करते. भाची उत्कर्षाचं लग्न २८ ला. फोन करून सांगितलं, रुखवताच्या मधोमध जागा ठेव, मामा आपल्या गावातला कंबर तलाव करतोय, कमळांसकट. पोरगी एकदम खूश. बायको सुकन्या म्हणाली, आधी बासरीचं काय झालं ते सांगा. दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर
कागद आला. फाटत नाही! दोन्ही हातांनी ओढला, दातात धरला. सदोष माल. विक्रेत्याला कडक मेसेज पाठवला.
संध्याकाळी त्यावर चहा सांडला. ओला झाला तसा अलगद फाटला, कडेला मऊ लव सुटली. शोध माझाच. चहाचा डाग म्हणजे तलावाकाठची माती.

१४ नोव्हेंबर
हळदीत आकाश रंगवलं. साबणाचा हात लागला, आकाश लालभडक. सुकन्या म्हणाली, हळदीला साबण लागला की असंच होतं, शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. मी म्हटलं, सूर्यास्त आहे. आधीपासून सूर्यास्तच ठरला होता.

१९ नोव्हेंबर
दाजी, म्हणजे उत्कर्षाचे वडील बसलिंगप्पा, येऊन गेले. म्हणाले, बासरी झाली, बोन्साय झालं, आता ह्ये व्हय? पोरीच्या सासरची माणसं येणार हायत, जरा सांभाळून. फार लागलं मनाला. या माणसानं एकदा, फक्त एकदा, मला 'वा' म्हणावं.
कणकेची खळ भरपूर दिली. जितकी खळ तितकं टिकाऊ. वाळायला कपाटामागे उभं केलं. सुकन्या म्हणाली, तिथं नको, उंदरांचा वावर आहे. उंदरांना कलेतलं काय कळतंय!

२३ नोव्हेंबर
चमत्कार. कमळांच्या कडा आपोआप फाटल्यात! इतक्या नाजूक, की त्या कोरियन बाईनं पाया पडावं. हा कागद श्वास घेतो असं वाचलं होतं, ते खरंच. खाली काळे दाणे पडलेत. रंगाचे असावेत. सुकन्यानं ओठ दाबून झाडू आणला.

२८ नोव्हेंबर
रुखवत मांडलं. शेवया, कुरडया, लाडू, मधोमध माझा तलाव. दाजी थांबले. कमळाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, वा पाव्हणं, ह्ये कसं जमवलं? डोळ्यांत पाणी आलं हो. साधना, एवढंच म्हणालो.
तेवढ्यात नवरदेव विरेशची आजी मल्लव्वा पुढे आली. दुधनी गावची. घरात धान्याचा व्यापार. चष्मा सावरून नाक चित्राला टेकवलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, अय्यय्यो, ह्ये तर उंदरानं कुरतडलंय की!
मांडव हसला. दाजी तर खुर्ची धरून हसले. उत्कर्षा हसली नाही. मामानं केलंय, मी नेणार, म्हणाली. अक्षता पडेपर्यंत मी तिच्या मागे मान खाली घालून उभा होतो.

२९ नोव्हेंबर
कला कायमची बंद. उरलेला कागद माळ्यावर.

६ डिसेंबर
उत्कर्षाचा फोन. चित्र लावलं म्हणाली. कुठं, हॉलमध्ये? जरा घुटमळली. मग म्हणाली, मामा, धान्याच्या कोठीत. मल्लव्वाआजींनीच लावलंय. उंदीर सगळे चित्रालाच लागतात, ज्वारीच्या पोत्यांना तोंडच लावत नाहीत. आजी लई खूश. अजून दोन मागवलीत. चित्र कसलंही चालेल, खळ तेवढी जास्त लावा म्हणाल्या.
फोन ठेवला. शेजारी ऐकत बसलेल्या सुकन्यानं विचारलं, कणीक किती भिजवू?
माळ्यावरून कागद काढला.